संरक्षक कुत्र्याचा स्वभाव कसा पारखावा, त्याला ताबा कसा शिकवावा

चावणं हा संरक्षक कुत्र्याच्या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. शिकारवृत्ती चांगली असलेला जर्मन शेफर्ड, मॅलिनॉइस, रॉटवायलर किंवा डॉबरमन काही आठवड्यांत स्लीव्ह, म्हणजे चावून घ्यायला हातावर चढवलेली जाड संरक्षक बाही, पकडायला शिकतो. पकडलेलं एका शब्दावर सोडणं, सुसाट धावत असताना हाक ऐकून मागे फिरणं, आणि समोरचा माणूस निरुपद्रवी असेल तर त्याच्याकडे ढुंकूनही न बघणं, हे शिकवायला मात्र वर्ष-दोन वर्षं लागतात. मुळात स्वभाव कच्चा असेल तर तेवढ्या काळातही ते पक्कं होत नाही. म्हणून आधी स्वभाव तपासायचा, मग ताबा शिकवायचा आणि चाव्याचं काम त्याच्यामागून वाढवायचं. हा क्रम उलटा झालेले कुत्रे पुढे घरातल्याच कुणाला तरी चावतात.

स्वभाव वेगळा, ताबा वेगळा

स्वभाव कुत्रा बरोबर घेऊन येतो. त्यातला बराचसा आई-वडिलांकडून उतरतो, आणि वयाच्या तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात त्याला आकार मिळतो. माणसं, आवाज, पायाखालच्या जागा, इतर प्राणी यांतलं ओळखीचं काय आणि परकं काय, हे पिल्लाच्या मनात याच काळात ठरतं. ती वेळ बंद खोलीत गेली तर नंतर कितीही मेहनत घेतली तरी भरपाई अर्धीच होते. ताबा मात्र शिकवता येतो, वाढवता येतो, आणि सराव सुटला की तो सैलही पडतो.

पक्का स्वभाव ओळखायला पाच गोष्टी बघायच्या. पहिली रिकव्हरी, म्हणजे दचकल्यावर सावरायला लागणारा वेळ. दचकणं हा दोष नाही. अचानक आवाज झाला तर निरोगी प्राणी दचकणारच. दचकल्यानंतर कुत्रा काही क्षणांत सावरतो का, आणि आपणहून जाऊन त्या वस्तूचा वास घेतो का, यावर सगळं अवलंबून आहे. दुसरी थ्रेशोल्ड, म्हणजे किती डिवचल्यावर कुत्रा उत्तर देतो. फार खालचा थ्रेशोल्ड असलेला कुत्रा पानाच्या सळसळीवर पेटतो, फार वरचा असलेला खऱ्या धोक्यातही बसून राहतो. तिसरी, अनोळखी माणसांत सहज वावरणं. त्याने सगळ्यांशी लाडीगोडी करावी अशी अपेक्षा नाही, तटस्थ राहिला तरी पुरे. चौथी ड्राइव्ह, म्हणजे खेळण्याची, पाठलागाची, झुंजण्याची मुळातली ओढ. पाचवी, जिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, ती म्हणजे थंड होण्याची क्षमता. खेळ संपला, पट्टा लावला, बाजूला बसलो, की कुत्रा दोन-चार मिनिटांत आडवा होतो की तासभर किंचाळत गोल गोल फिरत राहतो?

कुत्रा ज्या जोरावर चावतो तो दोन झऱ्यांतून येतो. एक शिकारवृत्तीचा: हलणारी वस्तू पकडायची, झटकायची, जिंकून न्यायची. यात मजा असते, ताण फारसा नसतो. दुसरा बचावाचा: समोरचा मला धोका आहे, त्याला हटवायचं. यात ताण असतोच, कारण बचावाच्या मुळाशी भीतीचा अंश असतो. प्रौढ कुत्र्याला दोन्ही लागतात आणि एकीकडून दुसरीकडे सहज जाता यावं लागतं. सात-आठ महिन्यांच्या कुत्र्याला धमकावून त्याच्यातला बचाव बाहेर काढणारे हेल्पर, म्हणजे सरावात हल्लेखोराचं काम करणारे, आजही भेटतात. कुत्रा जोरात भुंकतो, मालक खूश होतो, आणि त्या वयात बसलेली धास्ती आयुष्यभर चाव्यात दिसत राहते. साधारण दीड वर्षापर्यंत काम शिकारवृत्तीवरच चालू द्या. मोठ्या बांध्याच्या, सावकाश प्रौढ होणाऱ्या जातींना त्याहूनही जास्त वेळ द्या.

तपासणी कशी करायची

सात आठवड्यांच्या पिल्लाची चाचणी घेऊन त्याचं भविष्य ठरवू नका. त्या वयात फार तर अगदीच भित्रं किंवा अगदीच निरुत्साही पिल्लू बाजूला काढता येतं. भरवशाचं चित्र बारा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान मिळतं. तपासणी कुत्र्याला नवख्या जागी करा. घरच्या अंगणात प्रत्येक कुत्रा वाघ असतो. कुत्रा साध्या रुंद गळपट्ट्यावर आणि दोन मीटरच्या दोरीवर असू द्या. दोरी सैल ठेवा आणि हँडलरने, म्हणजे कुत्रा सांभाळणाऱ्याने, गप्प राहायचं. हँडलर बोलत राहिला, थोपटत राहिला, तर कुत्र्याऐवजी त्याचीच परीक्षा होते.

सुरुवात माणसांपासून करा. अनोळखी माणूस सरळ चालत येऊन हँडलरशी हस्तांदोलन करतो, दोन वाक्यं बोलतो, निघून जातो. मग चार-पाच जण सैलसर घोळका करून कुत्र्याभोवती फिरतात. कुत्र्याने वास घ्यावा, बघावं किंवा दुर्लक्ष करावं. हँडलरच्या पायामागे जाणं, अंग आखडून गोठणं, किंवा काही कारण नसताना झेपावणं, यांतलं काहीही दिसलं तर नोंद करा.

नंतर जमीन: गुळगुळीत फरशी, लोखंडी जाळी, मागची बाजू उघडी असलेला जिना. पहिल्यांदा पाय अडखळला तरी चालेल. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी सुधारणा दिसायला हवी. मग आवाज. कुत्र्याच्या मागे पाचेक मीटरवर धातूचं भांडं किंवा साखळीचा गठ्ठा टाका आणि घड्याळाकडे नजर ठेवा. चार-पाच सेकंदांत कान पुढे आले, शेपूट पूर्ववत झाली आणि कुत्रा त्या भांड्याकडे गेला, तर उत्तम. अर्ध्या मिनिटात, थोड्या हिमतीने गेला, तर काम करण्याजोगा. पाच मिनिटांनीही त्या बाजूला बघायला तयार नसेल, तर संरक्षणाच्या कामासाठी नाही म्हणायचं. बंदुकीचा आवाज आधी पन्नासेक मीटरवरून, कोऱ्या काडतुसाचा, आणि कुत्रा चालत किंवा खेळत असताना. पहिलाच आवाज कानाजवळ काढून चांगला कुत्रा बिघडवण्यात अर्थ नाही.

शेवटी धमकीची चाचणी. ती अनुभवी हेल्परनेच घ्यावी आणि एकदाच. हेल्पर पंधरा-वीस मीटरवरून, तिरक्या वाटेने, दबकत, कुत्र्याकडे रोखून बघत येतो आणि सात-आठ मीटरवर थांबतो. कुत्र्याने त्याची दखल घ्यावी: उभं राहावं, पुढे सरकावं, भुंकावं. कुत्र्याचं खरं उत्तर यानंतर मिळतं. हेल्पर अंग सैल सोडतो, नजर काढून घेतो, उभ्या उभ्या हँडलरशी साध्या आवाजात बोलायला लागतो. पक्क्या स्वभावाचा कुत्रा मिनिटभरात खाली येतो. त्याची नजर हेल्परवर असते, पण अंग मोकळं झालेलं असतं. कच्चा कुत्रा धोका टळल्यावरही भुंकत राहतो, आणि हेल्परने पाठ फिरवली की जास्तच चेकाळतो. समोर आल्यावर मागे सरणारा आणि पाठ दिसल्यावर झेपावणारा कुत्रा शूर नाही, घाबरलेला आहे. अशा कुत्र्याला चावायला शिकवलं तर तो भविष्यात मागून चावतो.

घाबरलेला चेहरा आणि ठाम चेहरा

भीतीतून आलेली आक्रमकता बघणाऱ्याला शौर्य वाटते, कारण ती फार आवाजी असते. म्हणून आवाज बाजूला ठेवा आणि चेहरा वाचा. ठाम कुत्र्याच्या ओठांचे कोपरे पुढे असतात, तोंड आखूड दिसतं, पुढचे दात उघडे पडतात. घाबरलेल्याच्या ओठांचे कोपरे मागे कानापर्यंत ताणले जातात, अगदी दाढा दिसतात, कान मानेला चिकटतात, डोळ्याचा पांढरा भाग कडेला दिसतो. ठाम कुत्र्याचं वजन पुढच्या पायांवर असतं आणि दोरी सतत एकसारखी ताणलेली असते. घाबरलेला पुढे-मागे हेलकावे खातो, दोरी मधूनमधून सैल पडते. भुंकण्यातही फरक आहे. खोल, एका लयीत येणारं भुंकणं आणि उंच पट्टीतलं, मध्येच किंकाळीसारखं फुटणारं भुंकणं, दोन-तीन कुत्रे ऐकले की कान आपोआप ओळखायला लागतो. पाठीवरचे केस उभे राहणं ही नुसती उत्तेजना आहे, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

पकडही असंच सांगते. शांत मनाचा कुत्रा दाढांपर्यंत तोंड भरून पकडतो आणि दाब सारखा ठेवतो. हेल्परने काठी उगारली, अंगावर वाकला, तरी पकड हलत नाही. उलट, ढिलाई मिळाली की तो आणखी आत भरतो. ताणाखालचा कुत्रा सुळ्यांच्या टोकाने धरतो, सारखा चावत-सोडत राहतो, पकडीवर गुरगुरतो, डोळे फिरवून सुटायची वाट शोधतो. असं दिसलं की दबाव लगेच कमी करा. 'अजून थोडं दाबू, कणखर होईल' हा सल्ला कुणी दिला तरी मानू नका.

ताब्याची सुरुवात मैदानाबाहेर

मैदानावर ताबा नसण्याचं कारण बहुतेक वेळा घरातच सापडतं. जो कुत्रा दार उघडताच बाहेर उसळतो, ताट दिसताच उड्या मारतो, दुसरा कुत्रा दिसला की दोरीला लटकतो, तो हेल्परसमोर शहाणा होईल अशी आशा धरू नका. उत्तेजना कमी असताना जे जमत नाही, ते ती वाढल्यावर तर नाहीच जमत. उत्तेजना वाढते तशी सुरुवातीला कामगिरी सुधारते, पण एका मर्यादेपलीकडे घसरते आणि शिकणं थांबतं. 1908 साली यर्क्स आणि डॉडसन यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून असंच काहीसं नोंदवलं होतं. अवघड कामात ही घसरण लवकर येते असंही त्यांना आढळलं. पकडलेलं सोडणं हे कुत्र्यासाठी अवघड कामच आहे.

रोजच्या व्यवहारात हे करा. ताट खाली ठेवताना कुत्रा बसलेला हवा. उठला तर ताट वर, बसला तर खाली, आणि सोडण्याचा शब्द दिल्यावरच तोंड घालायचं. पहिल्या दिवशी एक सेकंदाचा थांबा पुरे, दोन-तीन आठवड्यांत तीस सेकंदांपर्यंत न्या. दाराशी, गाडीतून उतरताना, क्रेट (कुत्र्याचा पिंजरा) उघडताना हाच नियम. ओरडू नका, दोरीला झटके देऊ नका, दार फक्त बंद करा. आपला धीर हाच हवी ती गोष्ट मिळवण्याचा रस्ता आहे, हे कुत्र्याला स्वतःच्या अनुभवातून कळलं पाहिजे. दटावून बसवलेला कुत्रा दटावणारा जवळ असेपर्यंतच बसतो.

याच्या जोडीला रोज अर्धा तास 'काहीही न करण्याचा' सराव ठेवा. कुत्र्याला आखूड दोरीवर खुर्चीशेजारी बसवा आणि आपलं काम करत बसा. त्याच्याशी बोलू नका, त्याला हात लावू नका. तो आपणहून आडवा झाला, कंबर एका बाजूला टाकली, की शांतपणे एक घास पुढच्या पायांच्या मध्ये ठेवा. हे कंटाळवाणं वाटतं म्हणून बहुतेक जण सोडून देतात. मॅलिनॉइससारख्या तापट कुत्र्यांत तर हाच सराव सगळ्यात महत्त्वाचा.

'आउट' शिकवणं

सोडण्याची आज्ञा हेल्पर येण्याच्या खूप आधी, टगच्या, म्हणजे ओढाओढीच्या खेळण्याच्या, खेळात पक्की व्हायला हवी. दुधाचे दात पडून पक्के येण्याच्या काळात, साधारण चौथ्या ते सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत, टग जोरात ओढू नका. हिरड्या दुखल्या की पकडणं आणि वेदना यांची सांगड बसते.

दोन मुठी असलेला, मऊ, पंचवीस-तीस सेंटीमीटर लांबीचा टग घ्या. अर्धं मिनिट जोशात खेळा, मग टग दोन्ही हातांनी मांड्यांना घट्ट टेकवा आणि दगडासारखे स्थिर व्हा. अजून शब्द काहीही बोलायचा नाही. टगमधला जीव गेला की थोड्या वेळाने कुत्र्याचा जबडा सैल पडतो. हा क्षण नीट बघायला शिका. आधी ओढणं थांबतं, मग मानेचे स्नायू मोकळे होतात, डोळे टगवरून तुमच्या चेहऱ्याकडे येतात, आणि मग तोंड उघडतं. तोंड उघडलं की लगेच 'येस' म्हणा आणि टग पुन्हा जिवंत करून त्याच्या तोंडात द्या. पहिल्या आठवड्यात सोडण्याचं बक्षीस नेहमी पुन्हा पकडणं हेच ठेवा. सोडल्यावर खेळ संपतो असं कुत्र्याला वाटलं, तर तो सोडणार कशाला?

सलग आठ-दहा वेळा दोन सेकंदांच्या आत सोडायला लागला की शब्द जोडा. आधी एकदाच, साध्या आवाजात 'आउट', आणि त्यानंतर अर्ध्या सेकंदाने स्थिर व्हा. इथे क्रम चुकला तर स्थिर होणं हीच कुत्र्याची आज्ञा होऊन बसते आणि शब्द ऐकूच येत नाही. शब्द पुन्हा पुन्हा उच्चारू नका. तिसऱ्या 'आउट'ला सोडणाऱ्या कुत्र्याला तीनदा ऐकायची सवय आपणच लावलेली असते. कुत्रा सोडतच नसेल तर दुसऱ्या हाताने गळपट्टा धरून त्याला टगच्या इतकं जवळ घ्या की ओढायला जागाच उरणार नाही, आणि वाट बघा. हट्टी कुत्रा मिनिट-दोन मिनिटं घेतो. त्या वेळात टग हिसकावू नका, कारण हिसका हाच त्याच्यासाठी खेळ असतो.

पुढे सोडणं आणि पुन्हा पकडणं यांतलं अंतर वाढवत न्या: एक सेकंद, तीन, पाच, दहा. मधे बसायला सांगा, दोन पावलं हीलमध्ये, म्हणजे पायाला लागून, चालवा, मग टग द्या. कधी सोडल्यावर दुसराच टग मिळतो, कधी घास, क्वचित काहीच नाही, फक्त शांतपणे चालत गाडीपर्यंत. हे सगळं हँडलरबरोबर डोळे झाकून जमायला लागलं की मगच हेल्परला बोलवा.

वेदना देऊन सोडायला लावणं आम्हांला मान्य नाही, आणि त्यामागे व्यवहाराचंही कारण आहे. पकडीत असताना दुखलं तर कुत्र्याची पहिली प्रतिक्रिया जास्त जोरात चावण्याची असते. दुखणं त्या क्षणी समोर असलेल्या माणसाशीही जोडलं जातं आणि पकड उथळ, चावरी होते. शिवाय कायदाही बघा. जर्मनीत विजेच्या गळपट्ट्याचा वापर बेकायदा असल्याचं तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने 2006 मध्ये स्पष्ट केलं, वेल्समध्ये 2010 पासून त्यावर बंदी आहे, आणि जर्मनीत 2022 पासून प्रशिक्षणात काटेरी गळपट्टाही चालत नाही.

हेल्परसमोर ताबा

आता तोच खेळ स्लीव्हवर. कुत्रा पकडतो, हेल्पर काही सेकंद झुंजतो, मग हात पोटाशी दाबून पूर्ण स्थिर होतो. हँडलर कुत्र्यापासून मीटरभरावर, दहा मीटरच्या लांब दोरीची ढील हातात. 'आउट'. कुत्र्याने सोडलं की हेल्परने लगेच पुन्हा पकड द्यायची. इथे अपयश येतं ते बहुतेक वेळा हेल्परच्या हातामुळे. हात एका सेंटीमीटरने हलला तरी कुत्र्याला 'शिकार जिवंत आहे' एवढंच कळतं. म्हणून नवशिक्या कुत्र्याबरोबर नवशिका हेल्पर जोडू नका.

सोडल्यानंतर कुत्र्याने काय करायचं, हेही सांगावं लागतं. नुसतं 'सोड' म्हटल्यावर त्याच्याकडे जोश उरतो आणि काम उरत नाही. तो जोश मग परत स्लीव्हवर जातो. त्याला भुंकून रोखून धरायचं काम द्या: हेल्परसमोर बसून किंवा उभं राहून, अंगाला न शिवता, लयीत भुंकणं. सुरुवातीला दोरी अशी बांधा की कुत्रा हेल्परपासून हातभर अंतरावर थांबेल. दोन भुंकण्यांवर बक्षीस, मग पाच, मग पंधरा. या भुंकण्यामुळे दाबून ठेवलेल्या उत्तेजनेला वाट मिळते, आणि जो कुत्रा भुंकून धरायला मनापासून शिकला तो सहसा चोरून चावत नाही.

हँडलर जवळ आला की पकड चावरी होते किंवा कुत्रा स्लीव्हसकट पाठ फिरवतो, ही तक्रार फार ऐकू येते. कुत्र्याला वाटतं, हा आला म्हणजे हिसकावून घेणार. उपाय असा: काही दिवस 'आउट' बंद. पकडीवर असताना हँडलरने शांतपणे जवळ जायचं, छातीवरून सावकाश हात फिरवायचा आणि काहीही न घेता परत यायचं. पकड भरली की पुन्हा 'आउट' सुरू.

मागे बोलावणं त्याहून कठीण. ते आधी फेकलेल्या चेंडूवर शिकवा, मग लांब दोरीवर, स्थिर उभ्या हेल्परवर. धाव सुरू होऊन दोन-तीन मीटर झाल्यावरच हाक द्या. शेवटच्या क्षणी नको. फिरला की बक्षीस म्हणून पुन्हा सोडा आणि या वेळी चावू द्या. हळूहळू हाकेची जागा हेल्परच्या जवळ नेत जा. पाच धावांत एखादीच परत बोलवा. याहून जास्त झालं तर कुत्रा प्रत्येक धावेत कान मागे लावून हाकेची वाट बघत मंद पळतो. फ्रेंच रिंग या संरक्षक कुत्र्यांच्या खेळात थांबवलेल्या हल्ल्याचा वेगळा व्यायामच आहे, आणि तिथल्या हँडलरच्या बचावाच्या व्यायामात हेल्परने हँडलरवर हल्ला करेपर्यंत कुत्र्याने पकडायचं नसतं. कुत्र्याला परिस्थिती वाचायला शिकवायची असेल तर या दोन व्यायामांचा सराव, स्पर्धेत उतरायचं नसलं तरी करावा.

यात एक गोष्ट हमखास विसरली जाते: हेल्परकडे दुर्लक्ष करायचा सराव. आठवड्यातून एकदा तरी हेल्पर स्लीव्ह घालून मैदानावर नुसता चालावा, कुणाशी गप्पा माराव्यात, आणि कुत्रा हीलमध्ये त्याच्या शेजारून जावा. चावणं अजिबात नाही. स्लीव्ह दिसली म्हणजे काम सुरू, हे समीकरण मोडलंच पाहिजे.

बिघडतं कुठे

कुत्रा माणसाऐवजी स्लीव्हच्या मागे लागतो. तपासायचं असेल तर हेल्परने स्लीव्ह जमिनीवर टाकून दोन पावलं बाजूला सरावं. कुत्रा स्लीव्हवर तुटून पडून हेल्परला विसरला, तर प्रत्येक वेळी स्लीव्ह बक्षीस म्हणून देणं थांबवा, कपड्यांखाली लपवायच्या स्लीव्हवर आणि पूर्ण बाइट सूटवर (अंगभर जाड संरक्षक पोशाखावर) काम करा. मुसकं घालून केलेलं कामही उपयोगी पडतं, पण मुसकं आधी घरात, खाऊ देत, दोन-तीन आठवडे सवयीचं करा.

उत्तेजना ओसंडून हँडलरवरच उलटणं, म्हणजे दोरी धरलेल्या हाताला किंवा मांडीला चावणं, हे दुष्टपणाचं लक्षण नसलं तरी गंभीर आहे. कुत्र्याला पुढे जायचं असतं, अडवलं जातं, आणि तो वैताग जवळच्या अंगावर निघतो. शिक्षा केली की वैताग वाढतो. अशा कुत्र्याला ताणलेल्या दोरीवर उभा ठेवून इतर कुत्र्यांचं काम दाखवू नका. आपली पाळी येईपर्यंत झाकलेल्या क्रेटमध्ये ठेवा, पुढे आणताना बसल्याशिवाय एक पाऊलही टाकू नका, आणि एका वेळी तीन-चार चावेच द्या.

चाव्यांची संख्या हाही बिघाडाचा मोठा भाग. तरुण कुत्र्याला एका सत्रात पाच-सहा चांगल्या पकडी खूप झाल्या. थकलेला कुत्रा पकड बदलायला लागतो आणि तीच सवय पक्की होते. आठवड्यात दोन सत्रं पुरेशी आहेत, उरलेले दिवस आज्ञापालन, माग काढणं आणि विश्रांती.

इतके दिवस ठीक असलेला कुत्रा अचानक चिडका झाला, हात लावू देईना, तर प्रशिक्षकाआधी पशुवैद्य गाठा. मान, कंबर, दात, कानाचा संसर्ग, यांतलं काहीतरी सापडण्याची शक्यता मोठी. मोठ्या जातींत कंबरेच्या सांध्याचा एक्स-रे वर्ष पूर्ण झाल्यावर काढून घ्या आणि तोपर्यंत उंच उड्या, हवेत उचलून फिरवणं पूर्ण टाळा.

उन्हात काम नको. जीभ फावड्यासारखी रुंद होऊन लोंबू लागली, हिरड्या गडद लाल झाल्या, चाल अडखळली, की सत्र तिथेच थांबवा, सावलीत न्या, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि पशुवैद्याकडे निघा. खोल छातीच्या जातींना कामाच्या आधी दोन-तीन तास आणि कामानंतर लगेच पोटभर खायला घालू नका, पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो.

परीक्षा

1899 मध्ये स्थापन झालेल्या जर्मन शेफर्ड मंडळाने प्रजननासाठी कुत्रे निवडताना कामाची परीक्षा महत्त्वाची मानली. त्याच परंपरेतली आजची आंतरराष्ट्रीय परीक्षा म्हणजे आयजीपी. तिच्यात माग, आज्ञापालन आणि संरक्षण असे तीन भाग, प्रत्येकी 100 गुण, आणि प्रत्येक भागात किमान 70 लागतात. एका भागातले जादा गुण दुसऱ्यात चालत नाहीत. संरक्षणात पहिल्या 'आउट'ला सोडलं नाही तर परीक्षकाच्या सांगण्यावरून आणखी दोनदा आज्ञा देता येते. तरीही सोडलं नाही तर कुत्रा बाद, मग चावा कितीही देखणा असो.

त्याआधी बीएच ही सोबती कुत्र्याची प्राथमिक परीक्षा पास व्हावी लागते. कुत्रा किमान पंधरा महिन्यांचा हवा. मैदानावरच्या आज्ञापालनानंतर रस्त्यावरचा भाग असतो: सायकलस्वार, धावणारा माणूस, गर्दी, मोटारी, आणि हँडलर नजरेआड असताना एकटा बांधलेला कुत्रा. संरक्षक कुत्रा म्हणून कुणी प्रौढ कुत्रा विकत देत असेल, तर चाव्याचे व्हिडिओ बघण्याआधी हा भाग प्रत्यक्ष करून दाखवायला सांगा. वर्दळीच्या रस्त्यावर, सैल दोरीवर, मालकाऐवजी तुम्ही स्वतः दोरी धरून.

काम कधी थांबवायचं

प्रत्येक सत्रानंतर चार गोष्टी वहीत लिहा: किती पकडी, पहिल्या शब्दावर किती वेळा सोडलं, सोडायला अंदाजे किती सेकंद लागले, आणि काम संपल्यावर शांत व्हायला किती वेळ लागला. शेवटचा आकडा सलग तीन-चार सत्रांत वाढत गेला तर चाव्याचं काम दोन आठवडे बंद ठेवा आणि टगवरच्या 'आउट'पासून पुन्हा सुरुवात करा.

दचकल्यावर सावरत नाही, धमकी संपल्यावर खाली येत नाही, किंवा ओळखीच्या माणसांवर विनाकारण जातो, असा कुत्रा सहा महिन्यांच्या चांगल्या कामानंतरही तसाच असेल, तर त्याला या कामातून काढा. माग काढणं, वास ओळखणं, चपळाईचे खेळ, यांत असे कितीतरी कुत्रे उत्तम रमतात. त्याला दुसऱ्या घरी देताना मात्र चाव्याचं किती काम झालं आहे आणि तपासणीत काय दिसलं, ते लेखी द्या. मुसक्याची सवय लावूनच द्या, आणि त्या घरात लहान मुलं असतील तर देऊ नका.